पर्यंत

पूल उचलण्याआधी तुम्ही काय करता,
वित्स्केनं विचारलं.
बघतो, गॉसे म्हणाला.
एकतीस वर्षं ह्या फ्रिसलँडच्या कालव्यावर,
काचेची खोली, कॉफीची किटली,
आणि पितळी मूठ, झिजून त्याच्याच पंजाची झालेली.
बघतो म्हणजे?
बघतो म्हणजे बघतो, बाई.

तो एक शब्द फोडायला
आम्हाला सात आठवडे लागले.

हिवाळ्याआधी पूल आपला आपण चालणार होता.
खुर्ची जाणार होती, मूठही.
आणि प्रोग्रॅम लिहिण्याआधी लिहायचं होतं
की त्यानं काय करायचं, काय कधीच नाही,
अशा चिन्हांत, ज्यांना दुसरा अर्थ फुटत नाही.

नगरपालिकेच्या कागदावर एक वाक्य होतं:
फाटक खाली येईपर्यंत पूल हलू नये.
वित्स्के "पर्यंत"वर पेन्सिल टेकवून बसली.
टेकल्या क्षणी हलला तर चालेल?
आणि टेकून परत वर गेलं तर?
मी म्हटलं, माझ्या भाषेत परवा म्हणजे
होऊन गेलेला दिवस, आणि यायचा तोही.
मग तुम्ही एकमेकांना भेटता कसे?
क्रियापदावरून कळतं. भेटलो की भेटू.
ती हसली नाही.
सेन्सरला क्रियापद नसतं, म्हणाली.

आमच्याकडे म्हणतात, जर-तरला काही अर्थ नाही.
इथं मला पगारच जर-तरचा होता.

शेवटी उरल्या चार ओळी:
प्रत्येक क्षणी,
जर पूल हलत असेल
तर दोन्ही फाटकं खाली आहेत
आणि पुलावर कुणी नाही.
प्रत्येक क्षणी म्हणजे
धुक्यात, रविवारी, तार कुरतडलेली असताना,
जे क्षण अजून कुणी जगलेलं नाही त्यांतही.

मग यंत्राला बसवलं तपासायला.
ते कंटाळत नाही. सगळ्या शक्यता
एकेक करून दार ठोठावत फिरतं.
चौथ्या रात्री एका दारानं ओ दिली.

सकाळी अकरा ओळींचा कागद.
फाटकं खाली. पुलावर कुणी नाही. नोंद झाली.
वीज गेली, पापणी मिटावी तेवढीच.
तेवढ्यात फाटकाखालून क्ष पुलावर आला.
वीज आली. प्रोग्रॅमला जुनी नोंद आठवली:
कुणी नाही.
अकरावी ओळ: पूल हलतो.

वित्स्केनं तो कागद गॉसेला वाचून दाखवला,
चिन्हं बाजूला ठेवून, साध्या बोलीत.
त्यानं कप खाली ठेवला.
हा क्ष नाही, म्हणाला. ही बेकरीवाल्या डाउव्हेची मुलगी.
हातमोजा पडला होता तिचा, लाल, वाकून परत गेली.
दिवे नुकते लुकलुकले होते.
कधी?
झाली असतील वीस वर्षं. आता तिलाच दोन मुलं आहेत.
मग तुम्ही काय केलंत?
मुठीवरचा हात काढला.
कुणाला सांगितलं नाहीत?
काय सांगणार, तो म्हणाला,
काही झालंच नाही ना.

त्या दिवशी आम्ही एक ओळ वाढवली:
वीज परत आल्यावर काहीही आठवू नये.
माहीत नाही, इथून सुरुवात करावी.
यंत्र पुन्हा निघालं दारं ठोठावत,
नऊ दिवस फिरलं,
आणि कुणीही ओ दिली नाही.

नोव्हेंबरात पूल पहिल्यांदा एकटा उठला.
खालून वाळूची बोट गेली,
फाटकाशी सायकली थांबल्या, एक बाई
मफलर घट्ट करत, वैतागून घड्याळ बघत.
तिला काय वाचवलं, कशातून,
हे आम्हालाही माहीत नव्हतं.
गॉसे खिशात हात घालून आमच्याशेजारी.
छान उठतो, म्हणाला.
थोड्या वेळानं, पाण्याकडे बघत:
जुलैत पोरं पुलाखाली पोहतात. ते लिहिलंय ना?

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
वित्स्केनं दातांनी हातमोजा ओढून काढला,
पेन्सिल शोधली.
पोहतात म्हणजे?